ट्रक चालू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी या क्रमाने तपासा

ट्रकने सकाळी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) घेतला नाही की बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात. दोन आठवड्यांनी पुन्हा तोच त्रास झाला की सेल्फ उतरवून बांधून आणतात आणि त्यानंतर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर संशय घेतात. तीन महागडे भाग बदलून झाल्यावर बिघाड निघतो तो चेसिसला घट्ट न बसलेल्या अर्थिंगच्या पट्टीत. तपासणीचा क्रम चुकतो आणि मोजमाप चुकीच्या वेळी घेतलं जातं, म्हणून हे घडतं.

विजेचे बरेचसे दोष ट्रक शांत उभा असताना दिसतच नाहीत. जाड केबलच्या शंभर तारांपैकी दोनच शाबूत असल्या, तरी मल्टिमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण त्याला लागणारा करंट नगण्य असतो. सेल्फ मात्र शेकडो अँपिअर ओढतो, आणि दोष उघडा पडतो तो त्या क्षणी. म्हणून खालच्या बहुतेक चाचण्या सेल्फ मारत असताना करायच्या आहेत.

आकडे दोन बॅटऱ्यांच्या 24 व्होल्ट ट्रकचे आहेत. तुमची गाडी 12 व्होल्टची असेल तर एकूण बॅटरी व्होल्टेजचे आकडे निम्मे करा.

## टप्पा 1 : तयारी

डिजिटल मल्टिमीटर, 21 वॅटच्या 24 व्होल्ट बल्बचा साधा टेस्ट लॅम्प, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी), तारेचा ब्रश, पाने, चष्मा आणि हातमोजे जवळ घ्या. सेल्फ मारायला दुसरा माणूस लागेल. वही-पेनही ठेवा. आकडे लिहून ठेवले नाहीत तर चौथ्या चाचणीपर्यंत पहिला आकडा विसरतो.

ट्रक सपाट जागी उभा करा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक लावा आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. अंगठी, कडं आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते आणि बोट जळतं.

सावधान : चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ ठिणगी, विडी, ग्राइंडर काहीही नको. केबल सोडताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना निगेटिव्ह शेवटी लावा. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून चेसिसला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो.

सावधान : डीईएफ (धूर स्वच्छ करणारा युरियाचा द्रव) टाकी असलेल्या ट्रकमध्ये चावी बंद केल्याबरोबर बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच पाडू नका. इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटं पंप नळीतला द्रव परत ओढत असतो. तो मध्येच थांबला तर नोझलमध्ये खडे धरतात.

## टप्पा 2 : हात लावण्याआधी लक्षण ओळखा

हेडलाइट लावा, केबिनबाहेर उभं राहा आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. दिवे पाहा आणि आवाज ऐका. निम्मं निदान इथेच होतं.

- दिवे तसेच प्रखर, आवाज काहीच नाही : सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. चावी, रिले, न्यूट्रल स्विच किंवा बारीक वायर. टप्पा 3 उरकून थेट टप्पा 5 वर जा.
- दिवे तसेच, एकच जोरदार 'टक्' : सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा मोठा स्विच) ओढतोय, पण मोटरला करंट मिळत नाही. टप्पा 4 आणि 6.
- टकटकटक असा भराभर आवाज : व्होल्टेज कोसळतंय. सोलेनॉइड ओढतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, आणि पुन्हा तेच. बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.
- दिवे पूर्ण विझतात आणि चावी सोडल्यावर परत येतात : बॅटरीच्या टोकावरच किंवा कट-ऑफ स्विचमध्ये जोड खराब आहे.
- दिवे मंद, सेल्फ रडत फिरतो : बॅटरी, केबल, घासलेला सेल्फ किंवा जड झालेलं इंजिन.
- सेल्फ सुसाट फिरतो, इंजिन फिरत नाही : पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये बसत नाही किंवा त्याचा क्लच घसरतो. हा दोष यांत्रिक आहे, बॅटरीला हात लावू नका.
- इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं, पेट घेत नाही : टप्पा 7.

सावधान : एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये किमान दोन मिनिटं थांबा. सेल्फला स्वतःला थंड ठेवायची सोय नसते. सतत मारला तर आर्मेचरचा (सेल्फच्या आतल्या फिरत्या भागाचा) टाका वितळतो आणि छोट्या दोषाचा मोठा खर्च होतो.

## टप्पा 3 : बॅटरी, दोन्ही वेगवेगळ्या मोजा

सर्वांत जास्त होणारी चूक इथली आहे. दोन बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर मीटर लावला, 24.5 व्होल्ट आले, आणि 'बॅटरी बरी आहे' म्हणून पुढे गेले. त्यातली एक 12.7 वर आणि दुसरी 11.8 वर असू शकते. बेरीज 24.5 च येते, पण दुसरी बॅटरी जवळजवळ संपलेली असते.

1. गाडी नुकतीच चालू होती किंवा बॅटरी चार्जरवर होती, तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. नाहीतर प्लेटांवरचा वरवरचा चार्ज फसवा आकडा दाखवतो.
2. प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजा. 12.6 ते 12.7 म्हणजे पूर्ण, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी आणि 12 च्या खाली म्हणजे उतरलेली.
3. दोघींमध्ये 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा.
4. झाकणं उघडता येत असतील तर प्रत्येक सेलला हायड्रोमीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरीत ॲसिडची घनता साधारण 1.265 ते 1.280 दिसते. एखादा सेल इतरांपेक्षा 0.050 ने मागे असेल तर तो सेल गेला. पाणी नुकतंच घातलं असेल तर ते ॲसिडमध्ये मिसळेपर्यंत हा आकडा धरू नका.
5. आता भाराखाली. मीटर एका बॅटरीवर लावून मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा, मग दुसरीवर तेच करा. प्रत्येकीने किमान 9.6 व्होल्ट धरले पाहिजेत, म्हणजे दोन्ही मिळून 19 च्या वर. एक 10.5 वर थांबली आणि दुसरी 7 वर कोसळली, तर दोषी कोण ते कळलं. कडाक्याच्या थंडीत आकडा थोडा खाली येतो, तेवढी सूट द्या.

उतरलेली बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरलेली आधी चार्ज करा आणि मगच तिचा निकाल लावा.

बदलायची झाली तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्या. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर अल्टरनेटरचं 28 व्होल्ट दोघींमध्ये सारखं वाटलं जात नाही. एकीचं पाणी उकळून जातं, दुसरी कायम अर्धपोटी राहते, आणि नवी बॅटरी जुनीच्या मागोमाग मरते.

असा असमतोल बहुतेक वेळा आपणच तयार केलेला असतो. 12 व्होल्टचा म्युझिक सिस्टीम, पंखा किंवा मोबाइल चार्जर चालवण्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढलेली असते. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते आणि अल्टरनेटरला ते समजत नाही. अशी वायर दिसली तर आजच काढा आणि 24 ते 12 व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा. हे न करता बॅटऱ्या कितीही वेळा बदलल्या तरी त्या टिकणार नाहीत.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट घेताना : दोन्ही गाड्यांचं व्होल्टेज सारखंच हवं. 24 व्होल्टच्या ट्रकवरून 12 व्होल्टच्या गाडीला जोडणी देऊ नका. शेवटचं निगेटिव्ह क्लॅम्प उतरलेल्या बॅटरीच्या टोकावर नको, बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूवर लावा.

## टप्पा 4 : जाड केबल आणि अर्थिंग

बॅटरी पास झाली तरी सेल्फ रडत असेल तर हा टप्पा सोडू नका. माझ्या मते ट्रकच्या स्टार्टिंगचे सर्वांत जास्त न सापडणारे दोष इथे लपलेले असतात.

अनेक जण केबलचा रेझिस्टन्स ओहममध्ये मोजतात. त्याचा उपयोग नाही. सेल्फ 400 अँपिअर ओढत असेल आणि जोडात फक्त 0.005 ओहम अडथळा असेल, तर 2 व्होल्ट वाटेतच जातात. साधा मल्टिमीटर 0.005 ओहम दाखवूच शकत नाही. म्हणून करंट वाहत असताना केबलच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजायचं.

इंजिन मध्येच चालू होऊ नये म्हणून इंधन तोडा. जुन्या पंपाच्या इंजिनात स्टॉप ओढून धरा. कॉमन रेलमध्ये (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात) गाडीच्या पुस्तिकेत दिलेली पद्धत वापरा.

1. पॉझिटिव्ह बाजू : मीटरची लाल तार बॅटरीच्या शिशाच्या पॉझिटिव्ह टोकावर, काळी तार सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारा. 0.5 व्होल्टपर्यंत ठीक.
2. अर्थ बाजू : लाल तार सेल्फच्या बॉडीवर रंग खरवडून, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर. सेल्फ मारा. 0.3 व्होल्टपर्यंत ठीक.
3. दोन बॅटऱ्या जोडणारी पट्टी : एका बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून दुसरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत तसंच मोजा. ही पट्टी तपासायची हमखास राहून जाते.
4. आकडा जास्त आला तर वाट तोडत जा : टोक ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं), लग ते कट-ऑफ स्विच, स्विचच्या आत, स्विच ते सेल्फ. एका जोडावर 0.1 व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर दोष तिथेच.

तपासा : मीटरची पिन क्लॅम्पवर टेकवली की शिशाच्या टोकावर? दोन्ही वेगळ्या जागा आहेत. पांढऱ्या-हिरव्या बुरशीचा थर नेमका त्या दोघांच्या मध्ये असतो. पिन क्लॅम्पवर टेकवलीत तर दोष मोजमापाच्या बाहेर राहतो.

दोषी जोड उघडा, तारेच्या ब्रशने धातू चकचकीत करा, घट्ट करा आणि मग वरून ग्रीस लावा. लगजवळ केबल फुगलेली किंवा कडक झालेली असेल तर आवरण थोडं कापून आत पाहा. तांबं हिरवं किंवा काळं पडलं असेल तर केबल बदला. हातोडीने ठोकून बसवलेला लग काही महिने चालतो आणि मग तापायला लागतो. लग दाबयंत्राने दाबूनच बसवा.

अर्थिंगच्या तीन जागा लक्षात ठेवा : बॅटरी ते चेसिस, चेसिस ते इंजिन आणि चेसिस ते केबिन. इंजिन आणि केबिन रबरावर बसलेले असतात, त्यामुळे पट्टी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा गिअरची केबल गरम झाली, तर इंजिनची अर्थ पट्टी गेली असं समजा. ब्रेक दाबल्यावर मागचे इंडिकेटर मिणमिणतात किंवा पार्किंग लाइट लावल्यावर भलताच दिवा लागतो, तेव्हा मागच्या दिव्यांचं अर्थिंग गेलेलं असतं. तिथे बल्ब बदलून काही होणार नाही.

## टप्पा 5 : चावीपासून सेल्फपर्यंतची बारीक वायर

दिवे प्रखर असताना सेल्फ गप्प असेल तर इथे शोधा. सोलेनॉइडवर एक बारीक वायर येते, बऱ्याच सेल्फवर त्या टोकाला 50 आकडा असतो. टेस्ट लॅम्पचं एक टोक त्यावर आणि दुसरं इंजिनच्या धातूवर लावा, आणि मदतनिसाला चावी फिरवायला सांगा.

- लॅम्प प्रखर पेटला, सेल्फ गप्प : वायरिंग ठीक, सोलेनॉइड खराब किंवा त्याचं अर्थिंग नाही.
- लॅम्प मंद : वाटेत अडथळा आहे. चावीचा स्विच किंवा रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेले असतील.
- लॅम्प पेटला नाही : मागे मागे जात राहा. आधी फ्यूज, मग स्टार्ट रिले, मग न्यूट्रल आणि क्लच स्विच, शेवटी चावी. रिलेमधून 'टिक' येते, म्हणजे त्याला हुकूम मिळतोय. त्याच्या आउटपुट पिनवर लॅम्प लावून पुढे करंट जातो का ते पाहा.

इथे मीटरपेक्षा बल्ब चांगला, कारण बल्ब स्वतः जवळजवळ 1 अँपिअर ओढतो आणि कमजोर वायरचं पितळ उघडं पाडतो. मात्र ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या) वायरींना हा बल्ब लावू नका. तिथे मल्टिमीटरच वापरा, बल्बचा करंट आतली सर्किट जाळू शकतो.

इमोबिलायझर (चोरी रोखणारी, चावी ओळखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत डॅशबोर्डवर चावीची किंवा कुलपाची खूण चमकत असेल तर आधी दुसरी चावी लावून पाहा.

सावधान : स्क्रूड्रायव्हर लावून सेल्फ मारण्याची सवय सोडा. त्या वाटेने न्यूट्रल स्विच आणि क्लच स्विच दोन्ही टाळले जातात. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर खाली असलेल्या माणसावरून चाक जातं.

## टप्पा 6 : सेल्फ काढण्याआधी

बॅटरी, केबल आणि हुकूम तिन्ही ठीक निघाले तरच सेल्फवर या. सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मीटर लावा : एक बॅटरीकडून येणारा, दुसरा मोटरकडे जाणारा. सेल्फ मारताना 0.3 व्होल्टच्या आत हवं. पूर्ण 24 च्या आसपास दिसलं तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळले आहेत. आकडा कमी आहे, मोटरला व्होल्टेज मिळतंय, तरी फिरत नाही, तर कार्बन ब्रश किंवा आर्मेचर.

एक शक्यता मात्र आधी दूर करा. सेल्फने एकदा 'ढण्ण' करून जागीच अडकल्यासारखं केलं, तर इंजिनच फिरत नसेल. बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि इंजिन हाताने पान्याने फिरवून पाहा. सिलिंडरमध्ये कूलंट किंवा डिझेल साठलं असेल तर ते फिरणार नाही. तशात पुन्हा पुन्हा सेल्फ मारला किंवा ढकलून स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

## टप्पा 7 : इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही

विजेच्या बाजूने तीनच गोष्टी पाहा. जुन्या पंपाच्या इंजिनात चावी ऑन केल्यावर इंधनाच्या स्टॉप सोलेनॉइडला व्होल्टेज मिळतं का. कॉमन रेलमध्ये सेल्फ मारताना टॅकोमीटरचा काटा हलतो का : तो मेल्यासारखा पडून असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर आधी तपासा. आणि सेल्फ मारताना ईसीयूच्या फ्यूजवर व्होल्टेज किती उरतं. ते फार पडलं तर ईसीयू बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि इंजिन नुसतं फिरत राहतं. मग दोष पुन्हा टप्पा 3 किंवा 4 मध्ये आहे. तिन्ही ठीक असतील तर डिझेलमध्ये हवा धरली आहे का ते पाहा, प्रायमरने (इंधनाच्या हातपंपाने) हवा काढा.

इनटेक हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नका. तो आतच भडकतो.

## टप्पा 8 : चार्जिंग

गाडी चालू झाली म्हणजे काम संपलं असं नाही. इंजिन मध्यम वेगावर ठेवून बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर मोजा. 27.6 ते 28.8 व्होल्ट दिसायला हवं. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा, तरी 27 च्या खाली जाऊ नये.

- आकडा वाढतच नाही : पट्टा सैल आहे का पाहा. मग चावी ऑन करून चार्जिंगचा दिवा लागतो का पाहा. पुष्कळ अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्याच्या वाटेनेच मिळतो. बल्ब गेला असेल तर चांगला अल्टरनेटरही चार्ज करत नाही.
- अल्टरनेटरवर 28, बॅटरीवर 26.5 : मधली केबल किंवा अर्थिंग. टप्पा 4 ची पद्धत इथेही चालते.
- 29.5 च्या वर : रेग्युलेटर गेला. बॅटरीचं पाणी वारंवार कमी होतं, बल्ब सारखे उडतात.
- व्होल्टेज बरोबर, पण बॅटरी भरत नाही : मीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजा. 1 व्होल्टच्या आसपास किंवा वर दिसलं तर डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता आहे.

सावधान : 'डायनमो चालतो का बघू' म्हणून चालू इंजिनात बॅटरीची केबल काढू नका. व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, ईसीयू, टॅकोमीटर एकाच झटक्यात जातात. चेसिसवर वेल्डिंग करण्याआधीही बॅटरी सोडवा आणि पुस्तिकेप्रमाणे ईसीयूचे कनेक्टर काढा.

## टप्पा 9 : उभ्या गाडीत बॅटरी उतरते

सगळं ठीक, तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ घेत नाही. म्हणजे चावी बंद असतानाही काहीतरी करंट पितंय.

1. सगळं बंद करा, दारं लावा. दार उघडं ठेवावं लागत असेल तर त्याचा स्विच दाबून बांधा.
2. निगेटिव्ह केबल सोडून मीटर 10 अँपिअरच्या खाचेत, केबल आणि टोक यांच्या मध्ये लावा. या अवस्थेत चावी ऑन करू नका, सेल्फ तर मुळीच नको. मीटरचा फ्यूज लगेच उडतो.
3. अर्धा ते एक तास थांबा. ईसीयू आणि इतर मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. सुरुवातीचा मोठा आकडा पाहून घाबरून पुढचं उघडत बसणं ही इथली नेहमीची चूक.
4. स्थिरावलेला आकडा वाचा. 50 मिलिअँपिअरच्या आसपास असेल तर चिंता नाही. ट्रॅकर असेल तर थोडा जास्त दिसतो. 500 मिलिअँपिअर असेल तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात, आणि 100 अँपिअर-तासाची बॅटरी चार-पाच दिवसांत निम्मी होते.
5. फ्यूज एकेक काढून पाहण्याआधी प्रत्येक फ्यूजच्या वरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्टमध्ये मोजा. ज्यावर आकडा दिसतो त्या सर्किटमधून करंट वाहतोय. फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा तासभर थांबावं लागतं.
6. एकाही फ्यूजवर आकडा नसेल, तर वाट फ्यूजबॉक्सच्या बाहेरून आहे. अल्टरनेटरची जाड केबल सोडून टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा वाचा. आकडा पडला तर त्याचा डायोड. नाही पडला तर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर नंतर जोडलेल्या वायरी एकेक सोडा : ट्रॅकर, जादा हॉर्न, केबिनमधले दिवे, इन्व्हर्टर.

दोषी वायर सापडली की तिला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत योग्य फ्यूज लावा आणि जे उपकरण रात्रभर चालू राहायला नको, त्याची वायर चावीनंतरच्या रिलेवरून घ्या. वायर चेसिसच्या धारेवरून जात असेल तर रबरी नळीत घालून बांधा. मग निगेटिव्ह केबल जोडा, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चावी लावण्याआधी दोन्ही बॅटऱ्या पुन्हा वेगवेगळ्या मोजा. वहीतल्या आदल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा 0.1 व्होल्टहून जास्त फरक पडला, तर अजून एक वाट शोधायची बाकी आहे.